घराचं काम: सगळं काँट्रॅक्टरला द्यावं, की मिस्त्री आपला आणि सामानही आपलं? (नेरुळ)

वेदांगी_नेरुळ
नमस्कार मंडळी. नेरुळ पश्चिमेला रीसेलमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला आहे. इमारत चार मजली, तिशी ओलांडलेली, लिफ्ट नाही. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराचा ओटा, दोन्ही बाथरूम, सगळ्या घराची फरशी, वायरिंग आणि सुतारकाम करायचं आहे. सुतारकामात दोन वॉर्डरोब, खाली सामान ठेवता येईल असा पलंग, देवघर आणि चपलांचं कपाट.

तिघांकडून भाव घेतले. एक मोठी इंटिरियर कंपनी आहे, सगळं फॅक्टरीत बनवून आणून बसवणार म्हणते. तिचा आकडा साडेअकरा लाख. दुसरा काँट्रॅक्टर, त्याने आमच्याच गल्लीत दोन घरं केली आहेत. तो मटेरियलसकट उक्तं काम आठ लाख चाळीस हजारांत घेतो म्हणतो. तिसरा सुतार मिस्त्री. तो फक्त मजुरी घेणार, सामान आपण आणायचं, आणि त्याच्याकडे फक्त सुतारकामच होईल. त्याला मजुरीची निम्मी रक्कम आधी हवी आहे.

भाड्याच्या घराचा करार डिसेंबरअखेरपर्यंत आहे. कुणाला काम द्यावं? पैसे कोणत्या टप्प्यांत द्यावेत? सासूबाई सोबत राहतात, त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे काम एकदाच पण नीट व्हावं असं वाटतं.

रानजाई
वाचतेय. पुढच्या वर्षी आमच्याकडेही हेच निघणार आहे.

पारसिक
वेदांगीताई, तुमचे तीन आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत, कारण तिघांनी तीन वेगळ्या वस्तूंचे भाव सांगितले आहेत. वॉर्डरोबचंच बघा. सात बाय आठ फुटांचं कपाट म्हणजे दर्शनी ५६ चौरस फूट, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पण त्या दरात आतले ड्रॉवर आहेत का? पाठ ६ मिमीची की ९ ची? आतून लायनर सनमायका की नुसता रंग? वरचा माळा त्याच दरात की वेगळा? बिजागऱ्या सॉफ्ट क्लोज की साध्या? हँडल, कुलूप, आरसा कुणाचा? हे सगळं एका कागदावर लिहा, तोच कागद तिघांनाही द्या आणि त्यावरच भाव भरून मागा. मी कळव्याच्या घराच्या वेळी असंच केलं. तेव्हा सर्वांत स्वस्त वाटणारा माणूस दुसऱ्या क्रमांकावर गेला.

माझं मत: मिस्त्री घ्या आणि सामान स्वतः आणा. प्लायवर आयएसआयचं चिन्ह असतं, त्याच्याखाली सीएम/एल असा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरो) बीआयएस केअर ॲपवर टाकला की कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे. ओट्याखाली, सिंकजवळ आणि बाथरूमच्या भिंतीला टेकणाऱ्या कपाटाला आयएस ७१० या मानकाचा, म्हणजे मरीन प्लाय. बाकी ठिकाणी बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला बऱ्यापैकी टिकणारा प्लाय पुरतो. सगळीकडे मरीन लावायचा आग्रह कुणी केला तर पैसे उगाच जातात.

सीवूड्सकर
पारसिक यांच्याशी असहमत. मी फॅक्टरीवाल्यांकडून करून घेतलं आणि पुन्हा तेच करीन. मशीनवर लावलेली कडेची पट्टी हाताने चिकटवलेल्या पट्टीपेक्षा कितीतरी सफाईदार बसते आणि टिकतेही. घरात करवत नाही, भुसा नाही, सनमायका चिकटवतानाचा वास नाही. माझ्या मुलाला दम्याचा त्रास आहे, आमच्यासाठी एवढं एकच कारण पुरेसं होतं. नोकरी करणाऱ्या माणसाने प्लायच्या दुकानात किती चकरा मारायच्या?

फक्त बोर्ड कोणता आहे ते विचारा. पार्टिकल बोर्ड (भुसा-ढलप्या दाबून केलेला), एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला), एचडीएचएमआर (ओलावा जास्त सोसणारा दाट बोर्ड) आणि प्लाय या चार वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रात चारही सारख्याच दिसतात. आमच्याकडे खाडीचा खारा वारा येतो, म्हणून बिजागऱ्या आणि ड्रॉवरचे चॅनेल एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) चे मागितले आणि कोटेशनमध्ये तसं लिहून घेतलं. तुम्ही पाम बीच रोडच्या जवळ असाल तर तुम्हीही तेच करा.

मानद_सचिव
वाशीतल्या आमच्या सोसायटीचं सचिवपद बरीच वर्षं सांभाळतो आहे. वरच्या चर्चेत सगळे कपाटांबद्दल बोलताहेत. मला काळजी फरशीची वाटते.

इमारत तिशी ओलांडलेली आहे म्हणता. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे अशा इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट होऊन स्थिरतेचं प्रमाणपत्र पालिकेला द्यावं लागतं. तुमच्या सोसायटीने ते केलं आहे का, आणि अहवालात तुमच्या मजल्याबद्दल काय लिहिलं आहे, हे कोटेशनच्याही आधी बघा. जून २०२२ मध्ये नेरुळमध्येच एका इमारतीत हॉलचे स्लॅब एकावर एक खालपर्यंत कोसळले. ऑगस्ट २०२३ मध्ये नेरुळमध्येच पुन्हा तसंच घडलं, माणसं गेली. दोन्ही वेळा वरच्या घरात फरशीचं काम चालू असल्याच्या बातम्या होत्या.

हिशोब सोपा आहे. सिमेंट-वाळूचा मसाला घनमीटरला साधारण २,००० किलो भरतो. दोन इंचाचा थर म्हणजे चौरस मीटरला १०० किलो. त्यावर टाइलचे वीसेक किलो. राहत्या खोलीचा स्लॅब डिझाइन करताना माणसं आणि सामान यांच्यासाठी आयएस ८७५ प्रमाणे चौरस मीटरला २०० किलो धरतात. म्हणजे जुनी फरशी तशीच ठेवून वर मसाला टाकून नवी बसवली, तर त्यातला निम्म्याहून जास्त भाग फरशीच खाते. त्यातही अनेक काँट्रॅक्टर काढलेल्या फरशीचा ढीग, वाळूच्या गोण्या आणि टाइलची खोकी हॉलच्या मधोमध रचतात. तीच स्लॅबची सर्वांत नाजूक जागा. तोडलेलं रोजच्या रोज खाली उतरलं पाहिजे आणि सामान भिंतीकडेने पसरून ठेवलं पाहिजे, ही अट लेखी घ्या. हॅमरने तोडू देऊ नका, छिन्नीने काढायला लावा. मजुरी जास्त पडेल, पडू द्या.

आणि सोसायटीची परवानगी आधी. अर्जासोबत कामाची यादी आणि नकाशा द्या, अनामत भरा. बीम, कॉलम, बाल्कनीची कड यांना हात लावायचा नाही.

घोडबंदरकर
सचिवसाहेबांना अनुमोदन.
आमच्याकडे उलट अडचण. इमारत नवी, पण मिवान पद्धतीची. म्हणजे विटांच्या भिंती नाहीतच, सगळ्या भिंती काँक्रीटच्या आणि त्यांत सळ्या. वायरसाठी खाच मारायला गेलं की सळई लागते. इथे येणाऱ्या काँट्रॅक्टरला मी पहिला प्रश्न हाच विचारतो की मिवानमध्ये काम केलं आहे का. 'तोड देंगे' असं उत्तर आलं की चहा पाजून निरोप.
नवं घर घेणाऱ्यांसाठी आणखी एक. रेरा कायद्यात संरचनेतल्या दोषांसाठी बिल्डरवर ताबा दिल्यापासून पाच वर्षं जबाबदारी असते. ताबा मिळाल्याबरोबर बाथरूम फोडलं आणि पुढे गळती निघाली तर बिल्डर बोट तुमच्याकडे दाखवतो. फोडायच्या आधीचे फोटो तारखेसकट काढून ठेवा.

चिमणराव_नाही
आमच्या वरच्या मजल्यावर गेल्या दिवाळीपासून ड्रिल चालू आहे. बाळाला त्याची इतकी सवय झाली आहे की ड्रिल थांबलं की ते जागं होतं.

रानजाई
@चिमणराव_नाही 😂 वरच्यांना सांगा, दुपारचं थोडं वाढवा म्हणावं.

सुलभा_ऐरोली
वेदांगी, तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांचा उल्लेख वाचला म्हणून लिहिते. ओट्याची उंची कुठल्याही तक्त्यावरून ठरवू नकोस. जी बाई जास्त वेळ उभी राहणार तिला उभं कर, कोपर वाकवायला सांग, आणि कोपराच्या तीन-चार इंच खाली कडाप्प्याची वरची बाजू येऊ दे. सिंक त्याहून थोडं वर असलं तर भांडी घासताना कंबर भरून येत नाही. बाथरूममध्ये आधाराचा दांडा बसवणार असशील तर टाइल लागायच्या आधीच जागा दाखव, म्हणजे भिंत तिथे भरीव करून घेता येते. उंबरा अगदी छोटा ठेव, पण उतार जाळीकडे नीट असू दे. उतार बघायला काही लागत नाही. तांब्याभर पाणी ओत आणि कुठे थांबतं ते बघ.

मिस्त्री लोकांना दोन वेळा चहा आणि प्यायला गार पाणी द्यायचं हे आमच्या घरचं ठरलेलं. कामाच्या मध्ये जाऊन बसावं, विचारावं, बघावं. आमचे मिस्त्री राजस्थानचे होते. देवघराच्या दाराची जाळी त्यांनी स्वतःहून तीनदा बदलून दाखवली, तिसरी माझ्या पसंतीस उतरली.

पारसिक
सुलभाताई, कोपराचं माप लिहून ठेवलं.

अवांतर: वडिलांनी डोंबिवलीत करून घेतलेलं सागाचं कपाट आमच्याकडे अजून आहे. पावसाळ्यात दार थोडं फुगतं, गणपतीनंतर आपोआप सैल होतं. आजच्या भावात तसं सागाचं काम परवडत नाही, हे मान्य. पण चौकटीला तरी साग वापरा.

सीवूड्सकर
दार फुगलेलं चालतं, आणि माझा एमडीएफ तेवढा चालत नाही? 🙂

पारसिक
साग सुकला की मूळ मापावर येतो. एमडीएफ एकदा फुगला की फुगलेलाच राहतो. त्यामुळे हो.

रंधा_आणि_करवत
मी या धंद्यातला आहे. वडील रत्नागिरीकडून ठाण्याला आले, सुतारकाम करायचे. मी आता आठ-दहा माणसं घेऊन पाचपाखाडी, नौपाडा, वागळे इस्टेट भागात कामं घेतो. कुणाची बाजू घ्यायला आलेलो नाही, पण काम का अडकतं ते आतून सांगतो.

बहुतेक छोट्या काँट्रॅक्टरकडे स्वतःचं भांडवल नसतं. तुमच्या ॲडव्हान्समधून तो आधीच्या साइटचा प्लायवाला भागवतो. तुमचं काम पूर्ण करायला पुढच्या गिऱ्हाईकाचा ॲडव्हान्स लागतो. ते गिऱ्हाईक मिळालं नाही की तुमच्या घरी माणसं यायची बंद होतात. तो फसवायला बसलेला असतो असं नाही, पण तुमचं घर मात्र अर्धवट राहतं. म्हणून कामाच्या पुढे पैसे कधीही जाऊ देऊ नका. सुरुवातीला १० टक्के, फार तर १५. नंतर तोडफोड आणि प्लंबिंग-वायरिंगची पाइपलाइन झाली की एक हप्ता. वॉटरप्रूफिंग तपासून टाइल लागली की दुसरा. कपाटांचे सांगाडे उभे राहिले की तिसरा, शटर (कपाटांची दारं) आणि सनमायका झाला की चौथा. शेवटचे १० टक्के राहायला गेल्यावर महिन्याभराने, दारं-ड्रॉवर वापरून बघितल्यावर.

निम्मी मजुरी आधी मागणाऱ्या मिस्त्रीला नाही म्हणा. पण त्याच्या माणसांना दर शनिवारी खर्ची लागते हे लक्षात ठेवा. झालेल्या कामाच्या हिशोबाने आठवड्याला उचल द्या, वहीत लिहा, सही घ्या. असं रीतसर ठरवलं की चांगला मिस्त्री नाराज होत नाही, उलट त्याची माणसं टिकतात.

गिऱ्हाइकांची बाजूही सांगतो. वॉर्डरोबचं शटर चिकटवून झालं आणि मग सनमायक्याचा रंग नको झाला, की शटर पुन्हा करावं लागतं. तो खर्च कुणाचा, यावरून सर्वाधिक भांडणं होतात. बदल तोंडी सांगू नका. व्हॉट्सॲपवर लिहा, किती वाढतात विचारा, 'चालेल' असं उत्तर आल्यावरच काम. यात दोघांचंही रक्षण होतं.

आणि भाव पाडताना जरा थांबा. १८ मिमीच्या ठिकाणी १६ येतो, १ मिमी सनमायक्याच्या ठिकाणी ०.८ येतो, आणि ते बाहेरून दिसत नाही. माझ्या धंद्यात हे होतं आणि मला त्याची चीड आहे. माझ्या वडिलांनी आयुष्यभर गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावल्याशिवाय एक कोपरा सोडला नाही.

मानद_सचिव
रंधा, हा प्रतिसाद छापून सोसायटीच्या फलकावर लावतो. परवानगी असेल तर.

रंधा_आणि_करवत
लावा की, सचिवसाहेब.

काळा_कोट_ठाणे
कायद्याचं थोडक्यात. करार शंभर पानांचा लागत नाही. कामाची यादी, मालाचे तपशील, रक्कम, हप्ते, पूर्ण करायची तारीख, उशीर झाल्यास आठवड्याला किती कापणार, आणि दोषांची दुरुस्ती किती महिने फुकट. खाली दोघांच्या सह्या. पैसे बँकेतून द्या. बिल घ्या. 'बिलाशिवाय १८ टक्के वाचतील' हे ऐकायला बरं वाटतं, पण वाद झाला की हातात कागद काहीच राहत नाही.

काम अर्धवट टाकलं तर ती सेवेतली त्रुटी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येतं. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचं शुल्क लागत नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, मुदत दोन वर्षांची. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा, पुष्कळदा तिथेच मिटतं. महारेराकडे मात्र इंटिरियरवाल्याची तक्रार चालत नाही, ते बिल्डर आणि प्रकल्पांसाठी आहे.

वेदांगी_नेरुळ
सगळ्यांचे खूप आभार. सुलभाताई, सासूबाईंना उभं करून माप घेतलं. सध्याच्या ओट्यापेक्षा दोन इंच खाली आलं. त्या म्हणाल्या, इतकी वर्षं मला कुणी विचारलंच नव्हतं.

पारसिक, तुमच्यासारखा कागद करून तिघांना पाठवला. कंपनीने त्यांच्या ठरावीक पॅकेजबाहेर जाता येणार नाही असं कळवलं. काँट्रॅक्टरने भरून दिला, आकडा साठ हजारांनी वाढला, पण आता त्यात काय आहे ते कळतं. सचिवसाहेब, ऑडिट झालेलं आहे. अहवालात आमच्या बाथरूमखालच्या स्लॅबची दुरुस्ती सुचवली आहे.

आता असं मनात आहे की बाथरूम, फरशी, ओटा, वायरिंग काँट्रॅक्टरकडे द्यावं, आणि सुतारकाम मिस्त्रीकडे, प्लाय आपण आणून. चालेल?

सीवूड्सकर
दोन वेगळी माणसं म्हणजे उद्या दार घासलं की सुतार म्हणणार फरशी वर आली, फरशीवाला म्हणणार दार खाली आलं. मध्ये तुम्ही.

रंधा_आणि_करवत
सीवूड्सकरांचं बरोबर आहे, पण त्यावर उपाय आहे. दोघांना एकत्र काम करू देऊ नका. ओलं काम, म्हणजे बाथरूम, फरशी, ओटा, पूर्ण संपू दे. मग दोघांना एकाच वेळी घरी बोलवा, तयार फरशीपासून चौकटीची, खिडकीची, ओट्याची उंची टेपने मोजा, कागदावर लिहून दोघांची सही. त्यानंतरच सुतारकाम सुरू. त्यात घर सुकायलाही वेळ मिळतो. ओल्या भिंतीला प्लाय टेकवला की मागून बुरशी येणारच.

बाथरूमचं: आधी ऑडिटवाल्या इंजिनिअरने सुचवलेली स्लॅबची दुरुस्ती, मग वॉटरप्रूफिंग, मग जाळी बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवायचं. खालच्यांच्या घरी जाऊन छत बघून यायचं. कोरडं असेल तरच टाइल. हा टप्पा काँट्रॅक्टर टाळायला बघतात कारण दोन दिवस माणसं रिकामी बसतात. त्या दोन दिवसांत त्याला वायरिंगचं काम द्या.

घोडबंदरकर
वायरिंग आलंच आहे तर: दिव्यांना १.५, साध्या प्लगला २.५, एसी आणि गीझरला ४ चौरस मिमीची वायर. बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावून घ्या. भिंत बंद होण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो, टेप लावून. पुढे खिळा कुठे मारायचा हे कळतं.

पारसिक
वेळेचंही बघा. दिवाळी आणि छठला बरेच कारागीर गावी जातात. ओलं काम दिवाळीआधी आटोपलं आणि सुतारकाम माणसं परतल्यावर सुरू केलं, तर डिसेंबर गाठता येईल. थोडं ताणाचं आहे. घरमालकाशी एका महिन्याच्या मुदतवाढीचं आत्ताच बोलून ठेवा.

मानद_सचिव
वेदांगीताई, काढलेली फरशी रात्री खाडीकडेला नेऊन टाकणारे टेम्पोवाले असतात. त्यांना देऊ नका. नियमांप्रमाणे बांधकामाच्या कचऱ्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्याची आहे. पालिकेच्या विभाग कार्यालयात विचारून रीतसर उचलायला लावा आणि पावती सोसायटीत द्या, अनामत परत मिळताना लागेल.

वेदांगी_नेरुळ
घरमालकाशी बोलले, जानेवारीअखेरपर्यंत हरकत नाही म्हणाले. मिस्त्री आठवड्याच्या उचलीला तयार झाला आहे, निम्मे आधी हा हट्ट त्याने सोडला. काँट्रॅक्टर मात्र पाणी भरून ठेवायच्या टप्प्यावर अडून बसला आहे. २४ तास पुरतात म्हणतो.

रंधा_आणि_करवत
तुमच्या इमारतीच्या वयाला ४८ च. करारात लिहा आणि दुसरा हप्ता त्याला बांधा. मग तो स्वतःच पाणी भरेल.

पारसिक
आणि प्लाय घ्यायला जाल तेव्हा शिक्क्याचा फोटो इथे टाका. सीएम/एल क्रमांक दिसेल असा.